नव्वद पावलांची स्प्रिंग

दि. ६ जानेवारी

चि. ठिणगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

येथे आम्ही उभयता परमेश्वरकृपेने सुखरूप आहोत. गॅरेजातल्या तेलाधुरात तूही सुखरूप असशील. फोनवर मला नीट ऐकू येत नाही आणि तू नेहमी कोणत्या ना कोणत्या गाडीखाली आडवी असतेस, म्हणून हा कागद.

आपली जुनी गाडी, टिटवी, पुढच्या बाजूने बसली आहे. फाटकाच्या उंबऱ्यावरून बाहेर काढताना तिचे पोट घासते आणि तो आवाज माझ्या बरगड्यांतून जातो. बारा वर्षांपूर्वी एका मेकॅनिकने तिला कुठल्यातरी मोठ्या बंद गाडीच्या स्प्रिंगा बसवल्या, त्या आता शिणल्या आहेत. तू याच कामात नाव काढले आहेस, तेव्हा नव्या स्प्रिंगा तूच निवडाव्यास.

निवडण्यापूर्वी कारण ऐक. पोथ्या शिकवणाऱ्या माणसाने दोन आसनांची उघडी, धावायला केलेली गाडी का घ्यावी, असे लोक तेव्हा विचारत. कारण एवढेच होते की तुझ्या आजीला बंद गाडीत मळमळे आणि उघड्या वाऱ्यात मळमळत नसे. पुढे चाळीस वर्षे निभावले. चौदा महिन्यांपूर्वी मात्र तिच्या कानातला तोल बिघडला. घरात ती व्यवस्थित वावरते, पण वाहनात बसली की भोवळ येते. तिची थोरली बहीण, आपली अक्का, अवघ्या बेचाळीस किलोमीटरवर राहते. गेल्या पावसाळ्यात टॅक्सीने निघालो, ते अकराव्या किलोमीटरला परत फिरलो. अक्का चौऱ्याऐंशीची, तिला प्रवास झेपत नाही. आता मार्चअखेर तिचा मुलगा तिला कायमची आपल्याकडे दूरदेशी नेणार आहे. या दोघी त्याआधी भेटल्या नाहीत, तर पुढे भेट व्हायची ती फक्त आवाजाची.

तुझ्या आजीने वाहनाचे नाव टाकले आहे. टिटवीच्या शेडकडे ती फिरकतही नाही. पण उद्या तिच्या मनात आलेच, तर गाडी तयार हवी. म्हणून अत्यंत नरम, कापसाच्या गादीसारख्या स्प्रिंगा पाठव. तिला धक्का म्हणून लागता कामा नये. याबद्दल तिच्याशी बोलू नकोस.

आहे तो जिव्हाळा असाच राहू दे.

तुझा,
आजोबा


दि. १४ जानेवारी

ती. आजोबांच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचले. आमचे उस्ताद, म्हणजे गॅरेजचे मालक, तुमचे अक्षर बघून म्हणाले की या हस्ताक्षरात आलेल्या तक्रारीला नाही म्हणणे पाप होईल. त्यामुळे तुमच्या रथाचे काम मंजूर झाले आहे.

आधी एक कबुली. टिटवीच्या स्प्रिंगा मी तीन वर्षांपूर्वीच मनात निवडून ठेवल्या आहेत. एप्रिलमध्ये इथे जुन्या गाड्यांची घाट चढण्याची शर्यत असते. तुम्ही एक दिवस टिटवी माझ्या हाती द्याल या आशेवर मी यंदा शर्यतीत नाव घातले आहे आणि शंभर किलोची जोडी घेऊनही ठेवली आहे. शंभर किलो म्हणजे, ती स्प्रिंग एक सेंटिमीटर दाबायला शंभर किलोचा भार लागतो. तुमच्या सध्याच्या जोडीला, माझ्या अंदाजाने, तीस पुरतो. म्हणजे तुम्हाला पंचवीस हवी आणि मला शंभर. आपले आजवर कोणत्याच बाबतीत जमले नाही, ते इथे तरी का जमावे!

थट्टा बाजूला. आजीबद्दलचा मजकूर गाडीखालून बाहेर येऊन पुन्हा वाचला. अक्काआजी जाणार हे मला बाबांनीही सांगितले नव्हते. स्प्रिंग मात्र मी मायेने निवडणार नाही, मोजून निवडीन. म्हणून तुम्ही एक करा. पुढच्या दोन्ही शॉकअ‍ॅब्सॉर्बरचे दांडे सोडवून ठेवा, म्हणजे गाडी मोकळी डुलेल. बंपरवर दोन्ही हात ठेवून नाक खाली दाबा, सोडा, आणि ठरलेल्या वेळात ती किती वेळा वरखाली होते ते मोजा. एकदा रिकामी गाडी आणि एकदा शेजारच्या आसनावर पन्नास किलो वाळूचे पोते ठेवून. पोते स्वतः उचलू नका. शेजारच्या सुतारकाकांना हाक मारा.

आजीला माझा नमस्कार, कारण न सांगता. आपली छाया आमच्यावर अशीच असावी.

आपली,
ठिणगी


दि. २७ जानेवारी

चि. ठिणगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या आज्ञेप्रमाणे परीक्षा पार पाडली. एक अडचण आली. दोन्ही हात बंपरवर, डोळे बंपरच्या कडेवर, मग घड्याळ पाहायचे कोणी? मोकळी होती ती फक्त जीभ. म्हणून मी साठ वर्षे रोज म्हणत आलो तो बत्तीस अक्षरांचा एक श्लोक म्हटला. घड्याळ समोर ठेवून आधी ताडून पाहिले. दहा वेळा म्हटला तर ऐंशी सेकंद झाले. एका श्लोकाला आठ, केसाचाही फरक नाही. बोटे बंपरवर एकेक हलवून हेलकावे मोजले. तुझ्या उस्तादांना हे सांगितलेस तर हसतील, पण त्यांच्या घड्याळाला चावी द्यावी लागते, माझ्या श्लोकाला लागत नाही.

रिकाम्या गाडीचे एका श्लोकात नऊ हेलकावे झाले, तिन्ही वेळा नऊच.

शेजारच्या आसनावर भार ठेवून अकरा झाले. हेही तिन्ही वेळा.

आता माझे ऐक. तू मोजून निवडणार म्हणतेस ते योग्यच आहे, परंतु शास्त्रात मार्दव हा दैवी गुणांत धरला आहे. कठोरपणा तिथे कुठल्या यादीत आहे, ते तुला ठाऊक आहे. मी आसनावर दोन उशा घातल्या आहेत. फाटकापासून मोठ्या रस्त्यापर्यंतचे खड्डे सुतारांना सोबत घेऊन खडीने बुजवून घेतले. उरल्या त्या स्प्रिंगा. पंचविसाच्या वर जाऊ नयेस, असा माझा आग्रह आहे.

तुझी आजी बरी आहे. अक्काशी रोज फोनवर बोलते आणि बोलून झाल्यावर बराच वेळ फोन हातात धरून बसते.

तुझे कल्याण असो, आणि म्हाताऱ्याची आठवण असो.

आजोबा


दि. ५ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न.

हे पत्र तुझ्या एकटीच्या नावे आहे. आजोबा चष्मा पुसत आसपास घोटाळत असतील तर त्यांना पाण्याची टाकी भरली का ते बघायला पाठव.

सरळ विचारते. टिटवीत शेजारच्या आसनावर कोण बसले होते?

आजोबांनी मला आकडे पाठवले. रिकाम्या गाडीचे नऊ हेलकावे, भार ठेवून अकरा. उस्तादांनी कागद हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि म्हणाले की तुमच्या गावची वाळू वरच्या दिशेने वजन टाकत असावी. कारण भार वाढला की गाडी संथ होते, आजी. नऊचे साडेआठ व्हायला हवे होते. अकरा होणे कोणत्याही स्प्रिंगला शक्य नाही. उस्तादांचे म्हणणे पडले की म्हातारे गृहस्थ मोजायला चुकले. मी म्हटले, ते एक वेळ जेवायला चुकतील, श्लोकाला चुकणार नाहीत.

दोन दिवस डोक्याचा भुगा केला. मग दुपारी एका गाडीखाली पडले असताना आठवले. लहानपणी सुट्टीत मी तुमच्याकडे असायचे, तेव्हा संध्याकाळी तुम्ही दोघे हाच श्लोक बरोबर म्हणायचात. तू प्रत्येक चरणाचे शेवटचे अक्षर लांबवायचीस आणि आजोबा अर्ध्यावर तुझी वाट बघत थांबायचे. मला इतका राग यायचा, कारण तो संपल्याशिवाय खेळायला जाता येत नसे. तुझ्यासोबत म्हटला की तो श्लोक आठ सेकंदांचा राहत नाही, दहाच्या पुढे जातो. दहाच्या पुढे गेला, तर अकरा हेलकावे अगदी बरोबर बसतात.

आता सांग, पन्नास किलो वाळूच्या पोत्यासाठी आजोबा अर्ध्यावर थांबले असते का?

रागावू नकोस. मी बाबांना काही बोललेले नाही. फक्त दोन गोष्टी कळव. गाडी डुलताना तुला नेमके काय होते, तुझ्या शब्दांत. आणि दुसरे, चालताना भोवळ येत नाही म्हणतेस, तर नेहमीच्या चालीने एका मिनिटात किती पावले टाकतेस ते घड्याळ लावून मोज. आजोबांच्या श्लोकाने नको!

तुझी लाडकी (असे तूच म्हणतेस),
ठिणगी


दि. १२ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
खूप खूप आशीर्वाद.

पोते म्हणालीस ते ठीक, पण पन्नास किलोचे नाही गं, त्रेपन्न. कधी नव्हे ते कोणी माझे वजन कमी धरले, म्हणून तुझे पत्र दोनदा वाचले.

सापडले मी. डिसेंबरपासून रोज दुपारी चारला आम्ही शेडमध्ये जातो. मी टिटवीत बसते, हे नाक दाबून गाडी हळूहळू हलवतात आणि मी सवय करून घेते. कुणाला सांगायचे नाही असे वचन मीच यांच्याकडून घेतले होते. टॅक्सीतून परत आलो, त्यानंतर तुझ्या बाबांचा दर आठवड्याला फोन, शेजारणींची चौकशी, सगळ्यांचे ते चेहरे. या वेळीही जमले नाही तर निदान कुणाला कळू तरी नये, एवढेच मनात होते. यांची मात्र पंचाईत झाली. जन्मात खोटे बोलायची सवय नाही. तुला ते पहिले पत्र लिहिले, त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या पत्रात भार म्हणाले, पोते म्हणाले नाहीत, हे तुझ्या लक्षात आले का? शब्दाला शब्द तोलून लिहिलेय ते.

आता तू विचारलेस ते. हे मी यांना अजून सांगितलेले नाही. गाडी जितकी मऊ डुलते, तितके माझे पोट वर येते. टॅक्सी खूप मऊ होती, नावेसारखी. एक हेलकावा संपतो न संपतो तोच दुसरा, आणि मी मधेच लोंबकळत. हे बिचारे इतक्या प्रेमाने, हलक्या हाताने नाक दाबतात आणि मी आत दात आवळून बसते. उशा घातल्या तेव्हा तर आणखीच तरंगायला लागले. एकदा सुतारांनी चाक काढण्यासाठी पुढे लाकडी ठोकळा लावला होता. त्या दिवशी यांनी दाबले तरी गाडी जागची हलली नाही, नुसता दणका बसला. अर्धा तास बसले, काही झाले नाही! टिटवी नवीन आणली तेव्हा रस्त्यावरचा खडा न् खडा कळायचा, पण डोके कधी फिरले नाही.

मग बोलली का नाहीस, असे विचारशील. अगं, सकाळी उठून खड्डे बुजवत फिरणाऱ्या माणसाला काय सांगू, की तुमचा मऊपणाच मला सोसवत नाही? तूच सांग. तुझे ऐकतील, तू आकडे लावून बोलतेस.

पावले नव्वद. तीनदा मोजली, व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

अक्काने सामान बांधायला घेतलेय. लवकर काय ते कर.

तुझी,
आजी


दि. २० फेब्रुवारी

ती. आजोबांच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

आजीने मला सगळे सांगितले आहे, आणि तिनेच तुम्हाला सांगायला सांगितले आहे, त्यामुळे तुमचे वचन मोडले असे समजू नये. तुमचे अकरा हेलकावे खरे होते. श्लोक लांबला होता, एवढेच.

आता जे लिहिते ते शांतपणे वाचा. नरम स्प्रिंगेनेच आजीला त्रास होतो. धक्क्याने नव्हे, तरंगण्याने. सध्याची गाडी मिनिटाला पासष्टच्या आसपास डुलते. पंचविसाची जोडी बसवली तर ती आणखी संथ होईल आणि आजी फाटकापाशीच उतरेल. माझी शंभराची जोडी मिनिटाला एकशेवीस ठोके देते, ते धावणाऱ्या माणसाचे. त्यात आजीची कवळी हातात येईल.

आजी चालते तेव्हा तिला भोवळ येत नाही. तिचे शरीर एकाच तालाला ओळखते, मिनिटाला नव्वद. म्हणून मी उलटे गणित मांडले. माणसांसकट टिटवीने नव्वदच ठोके द्यायचे तर स्प्रिंग किती हवी? स्प्रिंग थेट चाकावर नसते, दांड्याच्या मध्यावर असते, म्हणून ती चाकाला लागते त्याच्या चौपट कडक घ्यावी लागते. उत्तर आले अठ्ठावन्न. तुमच्या पंचविसाच्या दुपटीहून जास्त, माझ्या शंभराच्या निम्म्याहून थोडी वर. दोघेही हरलो.

स्प्रिंग वळणाऱ्या कारागिरासमोर मी स्वतः उभी राहिले. आताच्या जोडीपेक्षा जवळपास दुप्पट कडक, पण तार आधीपेक्षा जेमतेम दोन मिलिमीटरने जाड लागली. मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे किंचित चपळ ठेवू, म्हणजे मागचा भाग पुढच्याला लगेच गाठतो आणि गाडी मान डोलावत बसत नाही. शॉकअ‍ॅब्सॉर्बरमध्ये दाट तेल घालू. उस्ताद म्हणतात की चांगली गाडी हलतच नाही असे नव्हे. ती एकदा हलते आणि पुढच्या श्वासाला जागेवर येते.

शंभराची जोडी तेलाच्या कागदात गुंडाळून फळीवर ठेवली. शर्यतीतले नाव काढून घेतले आहे. वाईट वाटले, लपवत नाही. पण अठ्ठावन्नवर हात फिरवताना बरे वाटले, तेही लपवत नाही.

मार्चच्या पहिल्या शनिवारी मी आणि उस्ताद येतो. उशा काढून ठेवा. लोभाचा धागा सैल होऊ देऊ नये.

आपली,
ठिणगी


दि. १८ मार्च

चि. ठिणगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे मागचे पत्र वाचून मला प्रथम राग आला, मग लाज वाटली, आणि मग तुझ्या आजीसमोर जाऊन बसलो. तीन महिने मी तिला झोके देत होतो आणि ती दात आवळून ते सोसत होती, हे मला ठाऊक नव्हते. मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली की क्षमा नको, उशा तेवढ्या आत नेऊन ठेवा.

आणखी एक सांगावेसे वाटते. स्थिर पुरुष कसा असतो हे मी चाळीस वर्षे शिकवले. जो हलत नाही तो, असे मुलांना सांगत असे. तुझ्या उस्तादांचे वाक्य वाचल्यावर पोथी पुन्हा काढली. तिथेही स्थिर म्हणजे न हलणारा असे म्हटलेले नसावे, असे आता वाटू लागले आहे. या वयात भाष्य बदलावे लागते, आणि तेही गॅरेजमुळे!

तुम्ही दोघे स्प्रिंगा बसवून गेलात, त्यानंतर दोन आठवडे रोज मोठ्या रस्त्यापर्यंत जाऊन येत होतो. परवा रविवारी सकाळी सातला निघालो. तुझ्या आजीने डोक्याला रुमाल बांधला, हातात काही धरले नाही. गाडी कडक आहे, हे निःसंशय. रस्त्यावर डांबराचे ठिगळ कुठे आहे ते मला पाठीने कळत होते. मी तिच्याकडे पाहू नये असे ठरले होते, म्हणून समोर पाहून, मनाला आधार म्हणून, श्लोक म्हणू लागलो. तीही म्हणू लागली. मी नेहमीप्रमाणे अर्ध्यावर तिच्यासाठी थांबत होतो.

अक्का दाराशीच उभी होती. दोघींनी आधी एकमेकींचे हात धरले. मग चार तास बोलायच्या थांबल्या नाहीत. निघताना अक्काने हट्टाने टिटवीत बसून पाहिले आणि हिच्या बुडाला एवढे टणक कसे चालते असे विचारले. त्यावर दोघी लहान मुलींसारख्या हसल्या. येत्या रविवारी, अक्का जाण्यापूर्वी, पुन्हा जाणार आहोत. हे मी ठरवलेले नाही. मला विचारलेही नाही.

तुझ्या आजीचा निरोप आहे की फळीवरची शंभराची जोडी उतरव आणि शर्यतीत नाव परत घाल. एप्रिलमध्ये टिटवी आठवडाभर तुझी. नंतर मात्र तिच्या स्प्रिंगा तिला जशाच्या तशा परत बसवून हव्यात.

एक गोष्ट राहिली. जाताना अकराव्या किलोमीटरचा दगड दिसला, जिथून आम्ही टॅक्सी वळवली होती. साठ वर्षे म्हणत आलेला श्लोक, त्याचा तिसरा चरण मला आठवेना. दगड जवळ आला, तरी चरण सुचेना. शेजारी तुझी आजी शेवटचे अक्षर लांबवत थांबली होती. माझ्यासाठी. मग तिने तो चरण स्वतःच उचलला आणि दगड मागे पडला तरी म्हणत राहिली. मी चौथ्या चरणाला तिला गाठले.

तुझ्यावरची माया वाढतीच आहे, ती स्वीकारत राहावीस.

तुझा,
आजोबा